सरासरी सारखी, धोका मात्र वेगळा

हुबळी-धारवाडच्या तारिहाळ औद्योगिक वसाहतीत असो वा गोव्यातील वेर्णा-कुंडईत, कामगारांच्या आरोग्य तपासणीची चर्चा बहुधा एकाच आकड्यावर येऊन थांबते : सरासरी. हा आकडा किती फसवा ठरू शकतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून ध्यानात येईल.

तारिहाळमधील एखाद्या कारखान्याच्या दोन विभागांत प्रत्येकी नऊ कामगारांचा वरचा रक्तदाब मोजला, असे समजू. पहिल्या विभागातील नोंदी : ११८, १२०, १२२, १२४, १२६, १२८, १३०, १३२, १३४. दुसऱ्या विभागातील : १०४, १०८, ११२, ११४, ११८, १२४, १३८, १५०, १६६. दोन्हींची सरासरी नेमकी १२६. केवळ तेवढेच पाहणारा व्यवस्थापक निर्धास्त होईल.

आता टीआय-८४ या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर ‘स्टॅट’मधील ‘एडिट’ उघडून या नोंदी एल१ व एल२ या याद्यांत भराव्यात. ‘स्टॅट प्लॉट’मध्ये दोन्ही आलेख चालू करून बॉक्सप्लॉटचे चिन्ह निवडावे, प्रत्येकाला आपापली यादी द्यावी आणि ‘झूमस्टॅट’ दाबावे. एकाखाली एक दोन पेट्या उमटतात. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथातून रूढ केलेली ही आकृती लघुतम, पहिला चतुर्थक, मध्यक, तिसरा चतुर्थक व महत्तम या पाच आकड्यांवर उभी असते. ‘ट्रेस’ कळीने ते वाचता येतात.

पहिली पेटी १२१ ते १३१ इतकी आखूड. दुसरी ११० ते १४४ अशी ऐसपैस, आणि तिची उजवी रेषा १६६ पर्यंत गेलेली. गंमत म्हणजे दुसऱ्या विभागाचा मध्यक ११८, म्हणजे पहिल्याच्या १२६ पेक्षा कमी. मध्यकावरच भिस्त ठेवली, तर धोक्याचा विभागच अधिक निरोगी ठरेल! उच्च रक्तदाबाची प्रचलित मर्यादा १४० धरली, तर पहिल्या विभागात तिच्यापलीकडे कोणीही नाही. दुसऱ्यात दोघे आहेत.

एक सावधगिरी हवी. हा कॅल्क्युलेटर विषम संख्येच्या नोंदींत मध्यक वगळून चतुर्थक काढतो. एक्सेलचे नेहमीचे ‘क्वार्टाइल’ सूत्र तसे करत नाही. त्यामुळे दुसऱ्या विभागाचा तिसरा चतुर्थक तेथे १४४ ऐवजी १३८ येतो, म्हणजे थेट मर्यादेच्या आत. नोंदी थोड्या असताना हा फरक किरकोळ नसतो. दोन विभागांची तुलना एकाच साधनावर करावी, हे त्यामुळेच.

पेटीत कामगारांची नावे मात्र नसतात. त्यासाठी पुन्हा नोंदवहीच उघडावी लागते. १५० आणि १६६ समोरच्या दोघांना बोलावून, पाच मिनिटे शांत बसवून, रक्तदाब पुन्हा मोजावा लागतो.