नळी साफ होत नाही

कळंबा तलावाच्या बांधावर सकाळी फिरणाऱ्यांत स्टेंट बसवलेली माणसं आता काही नवलाची राहिलेली नाहीत. कुणाला एक, कुणाला तीन. "नळी साफ करून घेतली, आता काळजी नाही," हे त्यांच्या गप्पांतलं हमखास वाक्य. माझे मामाही याच समजुतीने टेबलावर झोपले.

डॉक्टर ओळखीचे आणि मामांची हरकत नाही, म्हणून शहरातल्या एका कॅथलॅबमध्ये काचेमागून सगळं बघायला मिळालं. मामा पूर्ण शुद्धीवर. भूल दिली ती फक्त मनगटापुरती. मनगटातल्या धमनीतून शिरलेला दोनेक मिलिमीटर जाडीचा कॅथेटर खांद्यावरून वळून हृदयापाशी पोचला. डाय सोडला की पडद्यावर धमन्या काळ्या उमटत आणि दोन-तीन ठोक्यांत विरून जात. पुढच्या बाजूच्या मोठ्या धमनीत, जिला डॉक्टर मंडळी एलएडी म्हणतात, एका जागी ती काळी रेघ जवळजवळ तुटली होती.

खरं कसब तारेचं. तार 0.014 इंच जाडीची. डॉक्टरांनी तिच्या टोकाला आधीच किंचित बाक दिला होता. बाहेर बोटांनी पीळ द्यायचा, आत टोक वळतं. चुकीच्या फाट्यात शिरली की मागे घ्यायची, पुन्हा पीळ. घाई केली तर धमनीचं अस्तर चिरतं, क्वचित भोकही पडतं. सकाळी ज्या संमतीपत्रावर आम्ही न वाचता सह्या ठोकल्या, त्यात हे सगळं होतं: रक्तस्राव, डायमुळे किडनीवर येणारा ताण, पक्षाघात, अगदी मृत्यूसुद्धा.

मग फुगा. सहायक हँडल फिरवत मोठ्याने आकडे सांगत होता, "आठ... दहा... बारा." बारा ॲटमॉस्फिअर म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पाचपट दाब. तेवढ्यात मामा कण्हले, "छातीत लई दाटलंय." फुगा फुगलेला असतो तेव्हा धमनी पूर्ण बंद असते, म्हणून ही कळ. "काका, थोडंसंच सोसा," डॉक्टर म्हणाले. फुगा उतरला, कळ ओसरली. त्याच जागी दुसऱ्या फुग्यावर बसवलेला स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळी, उघडला.

यात बाहेर काहीच काढलं गेलं नाही. कोलेस्टेरॉल, दाहक पेशी आणि कॅल्शियमचा तो थर धमनीच्या आतल्या अस्तराखाली, भिंतीतच असतो. फुग्याने तो बाजूला दाबला, जाळीने तिथे रोखून धरला, इतकंच. जाळीच्या तारा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक. त्यांवर सिरोलिमससारखं औषध असतं. ते पहिल्यांदा सापडलं ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूत. जखम भरताना पेशी बेसुमार वाढून धमनी पुन्हा अरुंद होऊ नये, म्हणून ते. पण तेच औषध जाळीवर अस्तर चढायलाही उशीर लावतं. उघड्या धातूवर रक्ताची गुठळी धरली तर धमनी एकाएकी बंद होते आणि थेट अटॅक येतो. म्हणून ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, काही महिने तरी; अटॅकनंतर बहुधा वर्षभर. पित्त होतं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणारा माणूस मला स्टेंटपेक्षा धोकादायक वाटतो.

अटॅक सुरू असताना हीच अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तिथे मिनिटामिनिटाला स्नायू मरत असतो. चालल्यावर छातीत दुखतं, बसलं की थांबतं, अशा स्थिर रुग्णांचं गणित वेगळं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत पाच हजारांवर असे रुग्ण होते. आधी औषधं देऊन बघणं आणि सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास करणं, यांत मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. छातीतलं दुखणं मात्र स्टेंट-बायपासने अधिक कमी झालं. मामांचं दुखणं गोळ्यांनी आवरत नव्हतं, म्हणून त्यांच्या बाबतीत निर्णय मला पटला. 2017 च्या फेब्रुवारीत सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपयांवर आणली, तेव्हा स्वस्ताईची चर्चा गावभर झाली. गरज आहे का, हे विचारणारे तेव्हाही थोडेच.

काम झाल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर उजवी धमनी दाखवली. तिथे चाळीसेक टक्के अडथळा. त्याला हात लावला नव्हता. "अटॅक पुष्कळदा अशाच लहान थरावरचं पातळ आवरण फाटून येतो," ते म्हणाले. "त्याला जाळी नाही, स्टॅटिनची गोळी, बीपी-साखर ताब्यात आणि तंबाखू बंद."

मामांना वेगळीच चिंता. "पुढच्या महिन्यात दाढ काढायची हाय. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या थांबवू न्हवं?"

"एक दिवसही नाही. दाताच्या डॉक्टरांना आधी मला फोन करायला सांगा," असं म्हणत डॉक्टरांनी ते फाइलवर लाल शाईने लिहून दिलं.