बुटाच्या नाडीचे पारितोषिक

पारितोषिक म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर चकचकीत करंडक किंवा ढाल उभी राहते. परंतु अमेरिकेत चित्रपटांसाठी एक असे पारितोषिक दिले जाते की, त्याच्या मानचिन्हात चक्क बुटाची नाडी असते! एक उभा दांडा, त्याच्या टोकावर बसलेला पक्षी आणि दांड्याभोवती गुंडाळलेली नाडी, असे त्याचे रूप आहे. आरंभीच्या काळात ही नाडी एका पारदर्शक पिरॅमिडात ठेवलेली असे. ही नाडी कशासाठी? इंग्रजी भाषेत तुटपुंज्या पैशांत केलेल्या कामास ‘बुटाच्या नाडीवर’ केलेले काम म्हणतात. आपण ‘कोंड्याचा मांडा करणे’ म्हणतो, तसेच काहीसे हे आहे.

या पारितोषिकांना ‘स्पिरिट पारितोषिके’ म्हणतात. त्यांचा पहिला समारंभ १९८६ मध्ये झाला. ती स्वतंत्र चित्रपटांना दिली जातात. आता, स्वतंत्र चित्रपट म्हणजे काय?

मुलांनो, चित्रपट काढणे हे मोठ्या खर्चाचे काम आहे. कवीला कागद व लेखणी पुरते. चित्रपट काढणाऱ्यास कॅमेरा हवा, दिवे हवेत, नट हवेत आणि या साऱ्यांची महिनोन्‌महिने व्यवस्था लावावयास हवी. अमेरिकेतील हॉलिवूड येथे हा खर्च बहुधा मोठमोठ्या कंपन्या करतात. परंतु जो पैसा पुरवितो, तो आपला शब्दही चालवितो. नायक कोण असावा, शेवट गोड करावा की कसे, हे मग तोच ठरवू लागतो. ज्यांना आपली गोष्ट आपल्याच मनाप्रमाणे सांगावयाची असते, ते या कंपन्यांच्या दारी न जाता स्वतःच भांडवल उभारतात.

अशांपैकी एक होते जॉन कॅसाव्हेटीस. १९५७ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कच्या आकाशवाणीवरून श्रोत्यांना सांगितले की, सामान्य माणसांविषयी चित्रपट हवा असेल, तर पैसे धाडा. श्रोत्यांनी सुमारे दोन हजार डॉलर पाठविले! त्यांतून ‘शॅडोज’ या चित्रपटाचा आरंभ झाला. पुढे दुसऱ्यांच्या चित्रपटांत अभिनय करून मिळविलेला पैसा ते आपल्या चित्रपटांत घालीत. एका चित्रपटासाठी तर त्यांनी राहते घर गहाण ठेवले. हे वाचताना आपल्याला दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणण्यापूर्वी त्यांनीही विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती.

कॅसाव्हेटीस यांच्या नावाने या समारंभात एक वेगळे पारितोषिक देतात. दहा लाख डॉलरांहून कमी खर्चात केलेल्या चित्रपटासच ते मिळते. इतर चित्रपटांसाठी मात्र ही मर्यादा २०२२ मध्ये तीन कोटी डॉलरांपर्यंत वाढविण्यात आली. तीन कोटी डॉलर म्हणजे नाडी कसली, चांगला जाडजूड दोरखंडच झाला, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

हा समारंभ अनेक वर्षे सँटा मोनिका येथे, समुद्रकिनाऱ्यावरील एका भल्या मोठ्या तंबूत भरत असे. तोही भर दिवसा, आणि बहुधा ऑस्कर पारितोषिकांच्या आदल्या दिवशी. ऑस्करचा थाट निराळा; तेथे उंची पोशाखांवाचून चालत नाही. तंबूत मात्र लोक साध्या वेशात येत. विजेते कोण, हे संस्थेचे सभासद मतदानाने ठरवितात.

२०२१ मध्ये महामारीमुळे तंबू उभारला गेला नाही. लोकांनी समारंभ दूरचित्रवाणीवर पाहिला. क्लोई झाओ यांच्या ‘नोमॅडलँड’ या चित्रपटास त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. घर सोडून मोटारगाडीतच संसार थाटणाऱ्या माणसांची ही कथा आहे. तशा जीवनातील काही खऱ्याखुऱ्या माणसांनी तीत आपल्याच नावाने काम केले आहे. याच झाओबाईंना २०१८ मध्ये या समारंभात पन्नास हजार डॉलरांचे ‘बॉनी’ पारितोषिक लाभले होते. बॉनी टिबुर्झी या १९७३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या विमान कंपनीत वैमानिक झाल्या. त्यांच्या नावाचे हे पारितोषिक स्त्री-दिग्दर्शकांसाठी होते.

त्याच वर्षी परदेशी चित्रपटांच्या यादीत एक मराठी नाव झळकले. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा तो चित्रपट. मुंबईत शास्त्रीय संगीताची साधना करणाऱ्या एका तरुणाची ही कथा आहे. त्यातील गुरूची भूमिका अरुण द्रविड यांनी व शिष्याची आदित्य मोडक यांनी केली. दोघेही प्रत्यक्षात गायकच आहेत. पारितोषिक मात्र ‘को वादिस, आयदा?’ या बोस्नियातील चित्रपटाकडे गेले. योगायोग असा की, ‘द डिसायपल’च्या आरंभीच्या भागात तो शिष्यही एका गायनस्पर्धेत उतरतो, आणि निकालाच्या वेळी त्याचे नाव पुकारले जात नाही.