गुणगुणीची किंमत

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे छोटा मायक्रोफोन, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. मायक्रोफोन हवेतले कंप टिपतो. पिकअपला हवेशी देणेघेणे नसते. त्यात चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या वायरचे काही हजार वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. म्हणूनच या वाद्यावर नायलॉनच्या तारा चढवल्या, तर पिकअप मुका राहतो.

अडचण अशी, की हे वेटोळे फक्त तारांचेच ऐकत नाही. भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाइटचे चोक, अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर या सर्वांभोवतीची क्षेत्रेही ते टिपते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेतली ६० आवर्तनांची. तिचीच संथ गुणगुण स्पीकरमधून ऐकू येते. ‘पिकअप बदलून द्या’ म्हणत माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांची मूळ तक्रार हीच असते. तिच्यावर उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

सर्वांत प्रसिद्ध उपाय गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांचा. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या. त्यांचे वेढेही परस्परविरुद्ध आणि चुंबकाची टोकेही. तारेचा स्वर दोनदा उलटल्यामुळे दोन्हींत सुलटच राहतो आणि त्याची बेरीज होते. बाहेरून आलेल्या गुणगुणीला चुंबकाशी कर्तव्य नसते; ती वेढ्यांमुळे एकदाच उलटते आणि वजा होऊन जाते. या ‘हमबकर’च्या पेटंटसाठी १९५५ साली अर्ज झाला आणि ते १९५९ साली मिळाले. किंमत मात्र स्वरात मोजावी लागते. तारेचे दोन ठिकाणचे कंप एकत्र होतात आणि वेढेही वाढतात. त्यामुळे सर्वांत वरचे, काचेसारखे स्वरांश बोथट होतात. काहींना हा भरदारपणा हवासा वाटतो, काहींना त्यात वाद्याचा चेहराच हरवल्यासारखा वाटतो.

दुसरा उपाय तीन एकेरी पिकअप असलेल्या गिटारसाठी. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा स्विच तीन जागांचा होता. वादक तो मधेच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवीत. १९७७पासून कंपनीनेच पाच जागांचा स्विच दिला. मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा निवडला, की या जोडजागांवर गुणगुण मावळते. एकेकटा पिकअप वाजवताना मात्र ती ऐकावीच लागते.

म्हणून वेगळ्या कंपनीचा पिकअप बसवताना मी आधी जोड तपासतो. मल्टिमीटर लावून पिकअपच्या टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा आणि झटकन उचलायचा. नव्या-जुन्या दोन्ही पिकअपवर काटा एकाच दिशेला झुकला पाहिजे. विरुद्ध झुकला, तर एकत्र वाजवताना दोन्ही एकमेकांना खातात आणि आवाज नाकातून आल्यासारखा पातळ होतो. दोन वायरी अदलाबदल केल्या की हा दोष जातो. पण मग गुणगुण मावळेल की वाढेल, हे चुंबकाच्या दिशेवर ठरते. ती साध्या होकायंत्राने कळते.

त्यानंतर पॉट. एकेरी कॉइलला साधारणपणे २५० किलोओहमचा, हमबकरला ५०० किलोओहमचा. पॉट पूर्ण उघडा असला तरी सिग्नलचा थोडा अंश त्यातून जमिनीकडे जातोच. पॉटचा आकडा लहान, तितकी वरच्या स्वरांची धार कमी. महागडा हमबकर जुन्या २५०च्या पॉटला जोडून ‘आवाज मंद आहे’ म्हणणाऱ्यांना नव्या पिकअपची नव्हे, फक्त नव्या पॉटची गरज असते.

शेवटी एक वायर उरते. ती पॉटच्या पाठीवरून ब्रिजपर्यंत जाते आणि सर्व तारांना जमिनीशी जोडते. वादकाचे शरीर परिसरातला विजेचा गोंगाट गोळा करत असते. तारेला बोट लागले की तो या वायरने निघून जातो. तारांना हात लावताच गुणगुण घटते, ती यामुळे. ही वायर विसरून चालत नाही. पण तिच्यामुळे वादकाची बोटे अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगशी बांधली जातात, हेही विसरता कामा नये.

आणि नेमका इथेच सर्वांत स्वस्त, सर्वांत घातक उपाय केला जातो. दोन उपकरणे जोडल्यावर गुणगुण वाढली, की कोणीतरी प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतो. गुणगुण कधीकधी खरोखरच थांबते. मात्र त्यानंतर अॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर मुख्य वीज तारांपर्यंत पोहोचू शकते. ३ मे १९७२ रोजी स्वान्सी येथे गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच गेले.

त्यामुळे पिकअप बदलण्याआधी मी सॉकेटचे अर्थिंग तपासायला सांगतो. धार देऊन शांतता घ्यायची की गुणगुण सोसून धार राखायची, हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न आहे. तिसऱ्या पिनेच्या बाबतीत मात्र निवडीला जागाच नाही.