मोटारघराच्या मैलाटाकीचा गळका व्हॉल्व्ह : कारागिराने काय पाहावे?

धंद्यात मोठा खोळंबा बहुधा लहान वस्तूमुळे होतो. चालता माग एका तुटक्या पट्ट्यासाठी उभा राहतो आणि लाखाचा माल एका गळक्या पत्र्याखाली भिजतो. अमेरिकेत मोटारघर नावाची जी गाडी रस्त्यावर धावते, तिची कथाही अशीच आहे. गाडीची किंमत हजारो डॉलर, पण तिची अब्रू अवलंबून असते वीस-पंचवीस डॉलरच्या एका प्लास्टिकच्या व्हॉल्व्हवर. तो गळू लागला की मालक हैराण होतो, शेजारी नाक धरतात आणि कारागिराला बोलावणे येते.

मोटारघर म्हणजे चाकांवरचे घर. त्याला तिकडे 'आर.व्ही.' म्हणतात. आत बिछाना, चूल, मोरी, संडास सगळे असते. अमेरिकेत बनणाऱ्या अशा गाड्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक एकट्या इंडियाना राज्यात तयार होतात आणि त्यातही बहुतेक एल्खार्ट शहराच्या आसपास. २०२१ साली या धंद्यातल्या सगळ्या कारखान्यांनी मिळून ६ लाखांहून अधिक गाड्या बाजारात पाठवल्या. तो उच्चांक होता. २०२३ साली हा आकडा ३ लाखांच्या थोडा वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आला. नव्या मालाचा व्यापारी यात मंदी पाहील, पण दुरुस्तीचा कारागीर वेगळा हिशेब मांडेल. २०२१ च्या त्या ६ लाख गाड्या कुठे गेल्या नाहीत. त्यांचे रबर सुकत चालले आहे. विक्री घटते तेव्हा दुरुस्ती वाढते, हा नियम शिवणयंत्रापासून मोटारीपर्यंत सारखाच आहे.

तीन टाक्या, दोन व्हॉल्व्ह

अशा गाडीत साधारणपणे तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी मोरीच्या व न्हाणीच्या सांडपाण्याची, तिला 'ग्रे' टाकी म्हणतात. तिसरी संडासाची, तिला 'ब्लॅक' टाकी म्हणतात. ही मैलाटाकी बऱ्याच गाड्यांत ११५ ते १५० लिटरची असते. सांडपाण्याच्या दोन्ही टाक्यांच्या तोंडाशी एकेक व्हॉल्व्ह असतो. मैलाटाकीचा व्हॉल्व्ह ३ इंची आणि मोरीच्या टाकीचा बहुधा दीड इंची. दोन्ही नळ्या पुढे एकत्र येतात आणि गाडीच्या बाजूला एका झाकणापाशी संपतात. टाकी भरली की मालक ठरवून दिलेल्या जागी गाडी नेतो, झाकण काढतो, नळी जोडतो आणि मूठ ओढून टाकी रिकामी करतो. रस्त्यावर किंवा ओढ्यात मैला सोडणे तिकडे गुन्हा आहे.

हा व्हॉल्व्ह आपल्याकडच्या फिरवायच्या नळासारखा नसतो. यात एक सपाट पाते असते. मूठ ओढली की पाते बाहेर सरकते व वाट मोकळी होते. मूठ ढकलली की पाते आत जाऊन वाट बंद करते. पात्याच्या दोन्ही अंगांना दोन रबरी सील असतात आणि सगळे अंग दोन फ्लँजांच्या मध्ये चार बोल्टांनी आवळलेले असते. यंत्र एवढेच. व्हॅल्टेरा कंपनीचा 'ब्लेडेक्स' हा या प्रकारचा तिकडे सर्वत्र मिळणारा व्हॉल्व्ह आहे.

गळती का लागते?

पहिले कारण कचरा. पाते ज्या खाचेत जाऊन बसते, त्या खाचेत संडासाचा कागद किंवा घट्ट मळ अडकतो. मग मूठ पूर्ण आत गेल्यासारखी वाटते, पण पाते केसभर उघडे राहते. तेवढी फट पाण्याला पुरते.

दुसरे कारण मालकाची सवय. काही लोक एका ठिकाणी महिनाभर मुक्काम करतात आणि मैलाटाकीचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवतात. पातळ पाणी निघून जाते, घट्ट मळ तळाशी साचून त्याचा ढीग होतो व तोच पुढे पात्याच्या वाटेत येतो. व्हॉल्व्ह बंद ठेवून टाकी बरीच भरल्यावर एकदम सोडावी, म्हणजे पाण्याच्या जोराने मळ वाहून जातो. मोरीची टाकी त्यानंतर सोडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळीही धुतली जाते.

तिसरे कारण सुकलेले रबर. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की सील कोरडे पडतात, पाते जड सरकते, मालक जोर लावतो आणि सील फाटतो किंवा दुमडतो. चौथे कारण थंडी. उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यात व्हॉल्व्हमधले पाणी गोठते. अशा वेळी मूठ ओढली तर पाते तडकते किंवा दांडी तुटते. काही गाड्यांत व्हॉल्व्ह आत खोल असतो व लांबून तारेने ओढला जातो. तिथे तार ताणली किंवा वाकली तरी पाते पूर्ण बंद होत नाही. दोष तारेचा असतो आणि बदलला जातो व्हॉल्व्ह.

आधी निदान, मग पाना

कच्चा कारागीर आल्या आल्या बोल्ट खोलतो. जाणकार आधी पाहतो की पाणी कुठून येते. गळतीच्या जागा तीन. बाहेरचे झाकण काढताच पाणी पडले, तर पाते नीट बंद होत नाही. दोन फ्लँजांच्या सांध्यातून बाहेर थेंब येत असतील, तर सील सरकला आहे, बोल्ट ढिले आहेत किंवा प्लास्टिकला चीर आहे. मुठीच्या दांडीवरून थेंब येत असतील, तर दांडीचा सील गेला आहे.

झाकणापाशी गळती असेल तर दोन व्हॉल्व्हपैकी चोर कोणता, हे ओळखावे लागते. दोन्ही टाक्या योग्य जागी रिकाम्या कराव्या, धुवाव्या, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावे व झाकणाखाली बादली ठेवावी. मग फक्त मोरीच्या टाकीत स्वच्छ पाणी भरावे व पाहावे. नंतर मैलाटाकीत भरावे. पाणी दोन-चार तांबे टाकून चालत नाही, कारण फट पात्याच्या वरच्या बाजूस असेल तर थोड्या पाण्यात ती दिसत नाही. टाकी निदान अर्धी भरली पाहिजे.

खोलण्यापूर्वीचा उपाय

कचरा हे कारण असेल तर पाना हातात घेण्याची गरज नाही. टाकीत भरपूर पाणी भरून नळी जोडावी आणि मूठ पुन्हा पुन्हा आत-बाहेर करावी. वाहत्या पाण्याने खाच धुतली जाते. बाहेरच्या तोंडाकडून उलट्या दिशेने पाण्याचा झोत दिल्यानेही मळ सुटतो. मळ घट्ट असेल तर त्यासाठी मिळणारे एन्झाइमचे औषध पाण्यात घालून रात्रभर राहू द्यावे. रबर सुकले असेल तर सिलिकॉनचे वंगण द्यावे. मोटारीचे खनिज ग्रीस वापरू नये, त्याने बरेचसे रबर फुगते.

गाडी प्रवासात असेल आणि वेळ नसेल, तर बाहेरच्या तोंडावर फिरवून बसणारा जादा व्हॉल्व्ह मिळतो. तो लावला की झाकण काढताना हातावर मैला येत नाही. पण ही सोय तात्पुरती आहे. आतला व्हॉल्व्ह त्याने दुरुस्त होत नाही.

व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर

१) टाकी रिकामी करून दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावी. गाडी अशी उभी करावी की उरलेले पाणी व्हॉल्व्हकडे येणार नाही. खाली मोठे घमेले ठेवावे.

२) रबरी हातमोजे व डोळ्यांना चष्मा लावावा. या टाकीतून मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू येतात. जवळ विडी-सिगारेट पेटवू नये.

३) चारही बोल्ट काढावे. फ्लँज हलक्या हाताने फाकवावे व जुना व्हॉल्व्ह दोन्ही सीलांसह ओढून काढावा. पहार लावून जोर केला तर पाइप टाकीच्या तोंडाशी तडकतो आणि मग वीस डॉलरचे काम टाकी बदलण्यावर जाते.

४) फ्लँजांची तोंडे फडक्याने पुसून साफ करावी. जुन्या सीलचा तुकडा राहता कामा नये.

५) नवे सील दोन्ही बाजूंना नीट बसवावे, वंगण लावावे व व्हॉल्व्ह मध्ये सरकवावा. काम परत येते ते बहुतेक इथूनच. व्हॉल्व्ह आत घालताना सीलची कड दुमडते, बाहेरून दिसत नाही आणि नवा व्हॉल्व्हही गळतो. बोटाने चारी बाजू चाचपून घ्याव्या.

६) बोल्ट एकाआड एक, समोरासमोर आवळावे. हे प्लास्टिक आहे, लोखंड नव्हे. अती आवळले तर फ्लँज फुटतो व पातेही जड होते.

७) सीलवर एम-सील किंवा चिकट सोल्युशन लावू नये. ज्याला पुढे पुन्हा खोलायचे आहे त्याची वाट बंद होते.

८) शेवटी स्वच्छ पाणी भरून तपासावे व मगच गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी.

काम झाल्यावर अवजारे व जागा ब्लीचच्या पातळ पाण्याने धुवावी. ब्लीच दुसऱ्या कोणत्याही औषधात मिसळू नये किंवा मैल्यावर थेट ओतू नये. लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो.

मजुरी आणि सचोटी

तिकडे कारखान्यात तासाची मजुरी १०० डॉलरच्या वर जाते. म्हणजे वस्तू स्वस्त, हुनर महाग. इथेच नियत पारखली जाते. खाच धुऊन काम होत असताना नवा व्हॉल्व्ह बसवून पैसे लावले, तर मालकाला कळणार नाही. पण कचरा टाकणारी सवय तशीच राहील, दोन महिन्यांनी नवा व्हॉल्व्हही गळेल आणि मग तोच मालक चार जणांना सांगेल. उलट ज्याने जुना सील हातात देऊन दोष दाखवला आणि व्हॉल्व्ह बंद ठेवायची रीत समजावली, त्याचे गिऱ्हाईक तुटत नाही.

आपल्याकडे हे काम अगदीच परके नाही. मुंबईच्या चित्रीकरणात वापरल्या जाणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये संडास व सांडपाण्याच्या टाक्या असतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. आखाती देशांत हिवाळ्यात वाळवंटात मुक्काम करणाऱ्यांच्या कॅरव्हॅन असतात आणि तिथे आपली कोकणची व मराठवाड्याची मुले फिटर-प्लंबर म्हणून राबतात. एल्खार्टला या दुरुस्तीचे शिक्षण देणारी आर.व्ही. टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, म्हणजे तिथल्या धंद्याने या कामाला विद्येचा मान दिला आहे. आपल्या मुलांनी प्लंबिंग शिकताना पाइप जोडण्याबरोबर व्हॉल्व्ह खोलून सील पारखायलाही शिकावे. मैल्याचे काम म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, म्हणूनच ते स्वच्छ हाताने आणि स्वच्छ हिशेबाने करणाऱ्याला काम कमी पडत नाही.