Explainer : खाजकुइली आणि बिनखाजेची कुइली, फरक कसा ओळखायचा?

पावसाळा सरला की रानात, कुंपणावर केसाळ शेंगांचे घोस लोंबू लागतात. ही खाजकुइली. मात्र याच वेलीचा अंगाला खाज न आणणारा प्रकारही आहे. दोन्हींच्या बिया 'कवचबीज' म्हणून औषधात वापरल्या जातात. मग फरक ओळखायचा कसा आणि तो का महत्त्वाचा?

एकच वेल, दोन प्रकार
शास्त्रीय नाव म्युकुना प्रुरिएन्स. रानटी प्रकार 'प्रुरिएन्स', तर लागवडीचा 'युटिलिस'. दुसरा चारा आणि हिरवळीच्या खतासाठी पेरतात.

नेमके काय पाहायचे?
- पाने : दोन्हींना तीन-तीन पर्णिका. यावरून फरक कळत नाही.
- बिया : काळ्या, ठिपकेदार, पांढरट अशा अनेक रंगांच्या. रंगावर भरवसा ठेवू नये.
- शेंग : खरी खूण इथेच. रानटी शेंगेवर ताठ, सोनेरी-तपकिरी, सहज गळणारे केस असतात. लागवडीच्या शेंगेवर मखमलीसारखी मऊ, अंगालगत बसलेली लव असते. हात न लावता, लांबूनच पाहावे.

खाज का सुटते?
केसांमध्ये म्युकुनेन नावाचे विकर असते. ते त्वचेतील मज्जातंतूंना थेट चेतवते. ही खाज हिस्टामिनमुळे होत नाही, म्हणून अॅलर्जीच्या नेहमीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. अंग चोळू नका, चिकटपट्टीने केस उचलून काढा.

खाज नाही म्हणजे धोका नाही?
हाच मोठा गैरसमज. खाज शेंगेवरच्या केसांत असते, औषध बीमध्ये. पार्किन्सन्सच्या उपचारात वापरले जाणारे लेव्होडोपा दोन्ही प्रकारांच्या बियांत असते. त्याचे प्रमाण वाणानुसार आणि जमिनीनुसार बदलते. १९८९ मध्ये मोझांबिकमध्ये दुष्काळात लोकांनी या बिया खाल्ल्या. एरवी त्या वारंवार उकळून पाणी फेकून देतात, पण तेव्हा पाण्याचीच टंचाई होती. दोनशेच्या आसपास लोकांमध्ये भ्रमाची लक्षणे दिसली.

लक्षात ठेवा
बाजारात सोललेले बी मिळते, शेंग नाही. म्हणजे ओळखण्याची खूणच हातात नसते. त्यामुळे सुटे बी किंवा चूर्ण स्वतःच्या मनाने घेऊ नका. पार्किन्सन्सची औषधे सुरू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा, कारण दोन्हींमुळे लेव्होडोपाची मात्रा वाढू शकते.