वृषण-कर्करोगातील रसायनोपचार आणि प्रतिमांकन

वृषण-कर्करोग प्रामुख्याने पंधरा ते चाळीस या वयातील पुरुषांना होतो. १९७४ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिनयुक्त उपचारपद्धती वापरण्यास प्रारंभ केला आणि शरीरात पसरलेला हा रोगही बहुतांशी बरा होऊ लागला. मात्र याच औषधांमुळे मूत्रपिंड, श्रवणशक्ती व प्रजननक्षमता यांना इजा पोहोचू शकते. रुग्णापुढे सारे आयुष्य असल्याने औषध लागू पडत आहे किंवा नाही, हे लवकर कळणे अगत्याचे ठरते.

रोग बहुधा प्रथम उदराच्या मागील भागातील लसिकाग्रंथींत पसरतो. सी.टी. स्कॅनमध्ये या ग्रंथींचा आकार मोजता येतो. परंतु उरलेल्या गाठीत जिवंत पेशी आहेत की केवळ मृत ऊती, हे आकारावरून सांगता येत नाही. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली शर्करा शिरेतून देतात. कर्कपेशी ती अधिक शोषतात व प्रतिमेत उजळ दिसतात. भारतात ही सोय २००२ साली मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये व सी.टी.सह संयुक्त यंत्राच्या रूपाने २००४ साली टाटा स्मारक रुग्णालयात सुरू झाली. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य अवघे ११० मिनिटे असते. मुंबईहून सात तासांच्या प्रवासाने ते कोल्हापूरला आणल्यास जेमतेम चौदावा हिस्सा शिल्लक राहील!

पुन्हा उद्भवलेल्या रोगात दोन-तीन आवर्तनांनंतर केलेला पेट स्कॅन पुढील उच्च मात्रेच्या उपचाराचा परिणाम आधीच सूचित करू शकतो, असे २००२ साली जर्मन संशोधकांनी दाखविले. तथापि त्यांची रुग्णसंख्या अल्प होती. शिवाय ही प्रतिमा फसवी ठरू शकते. टेराटोमा या प्रकारच्या पेशी शर्करा फारशी शोषत नाहीत; त्यामुळे गाठ निस्तेज दिसली तरी ती निरुपद्रवी मानता येत नाही. म्हणूनच सेमिनोमेतर अर्बुदात एक सेंटिमीटरहून मोठी अवशिष्ट गाठ शस्त्रक्रियेने काढतात. सेमिनोमात तीन सेंटिमीटरहून मोठ्या अवशेषासाठी पेट उपयुक्त असला, तरी तो उपचारानंतर किमान सहा आठवड्यांनी करावा लागतो. अन्यथा दाहामुळेही गाठ उजळते. एवढी काळजी घेऊनही उजळ दिसणाऱ्या अनेक गाठींत कर्करोग नसतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले.

प्रारंभिक प्रतिसादासाठी सेमिनोमेतर अर्बुदात रक्तातील ए.एफ.पी. व एच.सी.जी. ही द्रव्ये आजही अधिक विश्वसनीय ठरतात. पहिल्याचे अर्धायुष्य पाच ते सात दिवसांचे, तर दुसऱ्याचे दीड ते तीन दिवसांचे असते. पहिल्या आवर्तनानंतर, साधारण तीन आठवड्यांनी, त्यांची घट अपेक्षेहून मंद असल्यास उपचार तीव्र करणे हितावह ठरते, हे अधिक जोखमीच्या रुग्णांबाबत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीने दाखवून दिले. क्वचित ही द्रव्ये घटत असतानाच गाठ वाढते. ती वाढ टेराटोमाची असते. तेथे औषध बदलून लाभ नसतो, शस्त्रक्रियाच करावी लागते. अशा वेळी सी.टी. स्कॅनला पर्याय नसतो. रक्ताचा नमुना मात्र वारणा खोऱ्यातील रुग्णाला गावाजवळ देता येतो. पहिल्याच आवर्तनानंतर पेट स्कॅनसाठी मुंबई गाठण्याचे कारण सहसा उरत नाही.