निळ्या कोटातली मुलं

लंडनच्या न्यूगेट स्ट्रीटवर 1552 साली एक शाळा सुरू झाली. आठव्या हेन्रीने मठ बंद केल्यामुळे रिकाम्या पडलेल्या ग्रेफ्रायर्सच्या इमारतींत शहरातली 380 च्या आसपास गरीब आणि अनाथ मुलं आणली गेली. त्यांत मुलीही होत्या. राजा सहावा एडवर्ड तेव्हा कोवळा पोर होता. 1553 च्या जूनमध्ये त्याने शाळेची सनद मंजूर केली आणि काही दिवसांतच, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो वारला. शाळेचं नाव ख्राइस्ट्स हॉस्पिटल. अंगात घोट्यापर्यंत निळा कोट, कमरेला चामड्याचा पट्टा, गळ्याशी पांढरी पट्टी आणि पायांत पिवळे मोजे हा तिथल्या मुलांचा वेश. तिथून बाहेर पडलेल्यांना अजूनही ‘ओल्ड ब्लूज’ म्हणतात.

मी इंग्रजीचा शिक्षक. माणदेशातून साताऱ्याला येऊन फुकट वसतिगृहात राहिलो, शिकलो, आणि नोकरीत असेपर्यंत लँबच्या शेक्सपिअरच्या गोष्टी वर्गात सांगितल्या. त्या गोष्टी लिहिणारा माणूस धर्मादाय शाळेत वाढला होता हे समजलं, तेव्हापासून त्या शाळेच्या मुलांचं पुढे काय झालं याचा मी माग काढत आलो आहे.

चार्ल्स लँबचे वडील एका बड्या वकिलाच्या पदरी होते. त्या वकिलाच्या शब्दावर 1782 साली सात वर्षांच्या चार्ल्सला शाळेत जागा मिळाली. त्याच वर्षी डेव्हनमधून सॅम्युएल टेलर कोलरिज आला. वडील पाद्री होते, ते आदल्या वर्षी गेले होते. शाळेतलं जेवण बेताचं, मुख्याध्यापक जेम्स बॉयर छडीसाठी प्रसिद्ध. लँबचं घर लंडनातच, त्यामुळे त्याची म्हातारी आत्या पदराखाली झाकून आणावं तसं घरचं गरम जेवण घेऊन यायची. कोलरिजला शहरात कुणीच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी बाकीची मुलं घरी जात, तो रस्त्यावर भटके. पुढे पंचेचाळिशीत लँबने शाळेवर निबंध लिहिला तो आपल्या नव्हे, त्या उपाशी मित्राच्या तोंडून. आपल्याला मिळालेला डबा त्याला इतकी वर्षं टोचत होता, असं मला तो वाचताना वाटतं.

त्याच आवारात थॉमस मिडल्टन नावाचा थोडा मोठा मुलगा होता. कोलरिज अभ्यास म्हणून नव्हे, आवडीने व्हर्जिल वाचतो हे त्याने पाहिलं आणि मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. कोलरिजकडे त्यांचं लक्ष गेलं ते तेव्हापासून. हाच मिडल्टन 1814 मध्ये कलकत्त्याचा पहिला बिशप झाला आणि 1822 मध्ये कलकत्त्यातच वारला.

हुशार मुलांना ‘ग्रीशियन’ म्हणत. ती ऑक्सफर्ड-केंब्रिजला जायची आणि बहुधा धर्मोपदेशक व्हायची. लँब बोलताना अडखळायचा. प्रवचन देणं त्याला जमणार नव्हतं, म्हणून ती वाट त्याच्यासाठी बंद झाली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि 1792 पासून 1825 पर्यंत, 33 वर्षं, त्याने लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबखात्यात कारकुनी केली. 1818 साली इकडे पेशवाई बुडाली, तेव्हा तिकडे कंपनीच्या वह्यांत आकडे भरणाऱ्यांत हा एक होता.

ही नोकरी त्याला सोडता येण्यासारखी नव्हती. सप्टेंबर 1796 मध्ये त्याची बहीण मेरी हिने वेडाच्या झटक्यात आईचा जीव घेतला. चार्ल्स तेव्हा 21 वर्षांचा. तिला जन्मभर वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागू नये म्हणून त्याने तिची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि ती अखेरपर्यंत निभावली. लग्न केलं नाही. झटका येण्याची लक्षणं दिसली की दोघं भावंडं हातात हात घालून, रडत, इस्पितळाकडे चालत जात. 1807 मध्ये आलेल्या शेक्सपिअरच्या 20 गोष्टींपैकी 14 मेरीच्या आहेत. पहिल्या आवृत्तीवर मात्र नाव फक्त चार्ल्सचं होतं. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे आवर्जून सांगायचो.

कोलरिज केंब्रिजला गेला, पदवी न घेता परतला, मध्येच खोटं नाव घेऊन घोडदळात भरती झाला, अफूच्या आहारी गेला. आणि 1798 मध्ये वर्ड्सवर्थबरोबर काढलेल्या एका लहानशा पुस्तकाने त्याने इंग्रजी कवितेला नवं वळण दिलं. लँब आणि तो एकाच वर्षी, 1834 मध्ये, गेले.

त्यांच्या मागून आलेल्या ली हंटने युवराजावर टीका छापली म्हणून 1813 पासून दोन वर्षं तुरुंग भोगला. त्याच शाळेचा थॉमस बार्न्स 1817 पासून मरेपर्यंत ‘टाइम्स’चा संपादक होता. विसाव्या शतकात कॉलिन डेव्हिस तिथे क्लॅरिनेट वाजवायला शिकला. पियानो येत नाही म्हणून संगीत महाविद्यालयात त्याला वाद्यवृंद संचालनाच्या वर्गात घेतलं नाही, तरी तो लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचा प्रमुख संचालक झाला. कवी कीथ डग्लसही याच शाळेचा, त्याचे वडील घर सोडून गेले होते. ऑक्सफर्डला त्याला शिकवायला भेटला तो एडमंड ब्लंडन, तोही कवी, आणि तोही याच शाळेचा. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून ब्लंडन जिवंत परतला, पण त्याचा विद्यार्थी 9 जून 1944 रोजी नॉर्मंडीत मारला गेला. डग्लस चोवीस वर्षांचा होता.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो बार्न्स वॉलिस. वडील डॉक्टर, पण पोलिओने अधू झाले आणि घरची ओढगस्त सुरू झाली. शिष्यवृत्तीवर तो ख्राइस्ट्स हॉस्पिटलमध्ये आला. तो शिकत असतानाच, 1902 मध्ये, शाळा लंडन सोडून ससेक्समधल्या हॉर्शमला गेली. सतराव्या वर्षी तो कारखान्यात कामाला लागला, पदवी बाहेरून परीक्षा देऊन 1922 मध्ये मिळवली. आर-100 हे हवाईजहाज आणि वेलिंग्टन विमानाचा जाळीदार सांगाडा त्याचाच. पाण्यावर उड्या मारत धरणापर्यंत जाणारा बॉम्बही त्याचाच. 1943 च्या मे महिन्यात त्या बॉम्बने जर्मनीतली धरणं फुटली. खाली 1300 च्या आसपास माणसं बुडाली, त्यांत वेठीला धरलेले परदेशी मजूर बरेच होते. मोहिमेवर गेलेल्या 133 वैमानिक-सैनिकांपैकी 53 मारले गेले. ही पोरं आपल्यामुळे गेली हे दुःख वॉलिसला आयुष्यभर होतं. 1951 मध्ये सरकारने शोधाबद्दल 10,000 पौंड दिले, ते सगळे त्याने आपल्या शाळेला देऊन टाकले. हवाईदलात मारले गेलेल्या किंवा जायबंदी झालेल्यांच्या मुलांना तिथे शिकता यावं म्हणून. पुढे तो शाळेचा खजिनदारही झाला.

मुलाकडे इंग्लंडला गेलो तेव्हा मी हॉर्शमला जाऊन आलो. दुपारी बँडच्या तालावर निळ्या कोटातली मुलंमुली रांगेने जेवायला जातात. मुलींची शाळा पूर्वी हर्टफर्डला होती, ती 1985 मध्ये इथे एकत्र झाली. आता पूर्ण फी भरणारी मुलंही आहेत, पण फी अजूनही घरच्या उत्पन्नावर ठरते आणि गणवेश शाळाच देते. शाळा सोडताना प्रत्येकाला बायबल देतात आणि बजावतात: इथे जे मिळालं ते विसरू नका, ऐपत येईल तेव्हा दुसऱ्या मुलासाठी करा. ठरावीक देणगी देणाऱ्याला एखाद्या मुलाचं नाव प्रवेशासाठी सुचवता येतं, आणि अशा देणगीदारांत जुने विद्यार्थी असतात.

आपल्याकडेही वसतिगृहातल्या भाकरीवर शिकून अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक झालेले हजारो लोक आहेत, आणि स्नेहमेळावे आपण हौसेने भरवतो. पुढच्या मेळाव्याला जाण्याआधी शाळेच्या कचेरीत एक फोन करा आणि यंदा कोणत्या मुलीची परीक्षा फी किंवा खानावळीचे पैसे अडले आहेत, एवढं विचारा. ते भरून मगच मेळाव्याला जा.